माझ्या दातांवरचा तपकिरी पट्टा

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या आसपासच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे, आणि अशाच एका गावात माझे बालपण गेले. माझ्या वरच्या पुढच्या चार दातांवर, मधोमध, एक आडवा तपकिरी पट्टा होता आणि त्याच्या वर-खाली खडूसारखे पांढरे, धूसर डाग होते. गेल्या वर्षी मी नागपुरात त्यावर उपचार करून घेतले. त्या उपचारांची हकीकत सांगताना मला आणखी एका गोष्टीची नोंद करायची आहे. तेच दात गावाच्या, शहराच्या, लग्नाच्या बैठकीतल्या, कॅमेऱ्याच्या आणि दंतवैद्यांच्या नजरेखालून गेले, आणि प्रत्येक नजरेने त्यांचा वेगळा अर्थ लावला. दातांचा रंग पाहून माणसाची स्वच्छता, सवयी, घरची शिस्त आणि ऐपत एका क्षणात ठरवली जाते. हे ठरवणे किती तोकड्या माहितीवर चालते, ते मला उपचारांच्या खुर्चीत बसल्यावर नीट कळले.

गावात या पट्ट्याची चर्चा कधी होत नसे, कारण तो कोणाला वेगळा वाटतच नसे. दुधाचे दात पडून नवे आलेल्या बहुतेक मुलांच्या दातांवर कमी-अधिक डाग होते. ज्यांचे दात स्वच्छ पांढरे होते ती बहुधा बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यांची मुले असत, आणि आम्हाला त्यांचेच दात निराळे दिसत. दात दुखतो का, हलतो का, किडला आहे का, एवढ्यावर आमच्याकडे दातांची पारख होई. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी विंधनविहिरी खोदल्या गेल्या आणि हातपंप बसले. उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरींपासून आणि मैलभराच्या पायपिटीपासून त्यांनी बायकांची सुटका केली, आणि जुन्या पिढीने त्यांचे उपकार नेहमीच मानले. मात्र खोल खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात तिथल्या खनिजांमधले फ्लोराइड विरघळून येते आणि ते पाणी दिसायला नितळ, चवीला गोड असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य मानले जाते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्या परिसरातल्या कित्येक बोअर या मर्यादेच्या वर आहेत. माझी आजी उघड्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. तिचे उरलेले दात अखेरपर्यंत एकसारख्या रंगाचे होते, आणि नातवंडांच्या दातांचा दोष ती चहाला देत असे.

बारावीनंतर शिक्षणासाठी मी पुण्यात आले आणि वसतिगृहातल्या पहिल्याच दिवसांत खोलीतल्या मुलीने विचारले, "तुमच्याकडे मशेरी लावतात का गं?" ती मनाने चांगली होती आणि तिच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. तिच्या परिसरात तपकिरी दातांचा अर्थ मशेरी असाच होता, म्हणून तिने तो लावला. पुढे हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येत राहिला. कोणी न मागता टूथपेस्ट सुचवली, कोणी दिवसातून दोनदा ब्रश करण्याचा सल्ला दिला, आणि मुलाखतीच्या तयारीच्या वेळी एका हितचिंतक प्राध्यापिकेने मला बाजूला घेऊन "आधी दात साफ करून घे" असे अगदी हळू आवाजात सांगितले. या सगळ्यांच्या बोलण्यात एक समान गृहीतक होते, की दातांचा रंग हा दात वापरणाऱ्याच्या वागणुकीचा परिणाम असतो. मी सकाळ-संध्याकाळ दात घासत होते. पण ज्यांनी ते पाणी कधी प्यायलेले नाही, त्यांच्या मनात पाण्याची शक्यता येणार तरी कशी?

माझ्या धाकट्या भावाच्या दातांवर माझ्याहून गडद डाग आहेत आणि त्याला याविषयी सहसा कोणी विचारत नाही. विदर्भात तरुण पुरुषाचे दात तपकिरी दिसले की तो खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खात असणार असे गृहीत धरले जाते आणि विषय तिथेच संपतो. त्याने आयुष्यात खर्रा तोंडात घातलेला नाही. त्याच्यावरचा खोटा आरोप लोक मनातल्या मनात करतात आणि मनातल्या मनात माफही करून टाकतात, कारण पुरुषाला ती सवय असणे त्यांना चालते. माझ्या बाबतीत तोच डाग वळण नसल्याची खूण ठरला. लग्नाच्या एका बैठकीत मुलाच्या आत्याने माझ्या आईला स्वयंपाकघरात गाठून विचारले होते, "पोरीचे दात जन्मापासूनच असे आहेत काय? पुढे लेकरांनाही होतील काय?" आईला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. आत्याबाईंच्या मनातली भीती खरी होती आणि तिचे उत्तरही तितकेच सरळ होते: हे डाग आनुवंशिक नसतात, दात घडण्याच्या वयात जे मूल ते पाणी पिईल त्यालाच ते होतात. पण ते उत्तर त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि स्थळाकडून पुढे निरोप आला नाही.

मी ओठ मिटून हसायला शिकले. फोटो काढताना हनुवटी किंचित खाली घ्यायची, मोठ्याने हसू आले तर पदर किंवा हात तोंडापुढे न्यायचा, बोलताना वरचा ओठ जास्त उचलू द्यायचा नाही, हे सगळे नकळत अंगवळणी पडले. त्याचा दुसराच परिणाम झाला. कार्यालयात मला शिष्ट समजले जाऊ लागले. दात झाकल्यामुळे लोकांचे मत बनायचे थांबले नाही, ते माझ्या स्वभावाविषयी बनू लागले. २०२१ मध्ये मी नव्या कार्यालयात रुजू झाले तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते आणि कित्येक महिने सहकाऱ्यांनी माझा अर्धाच चेहरा पाहिला. त्या काळात मी डोळ्यांनी भरपूर हसत असे, असे एका सहकारी मैत्रिणीने नंतर सांगितले. मास्क उतरल्यावर तिचा चेहरा क्षणभर गोंधळला होता, आणि "मला वाटलं होतं त्यापेक्षा तू वेगळी दिसतेस" असे ती प्रांजळपणे म्हणाली होती. चेहऱ्याचा झाकलेला भाग पाहणारा आपल्या मनाने भरतो आणि भरताना सहसा निर्दोषच भरतो. तिने माझ्या ओठांमागे पांढरे दात बसवले होते, आणि त्याबद्दल तिला दोष देणे मला शक्य नाही.

उपचारांचा विचार मी त्यानंतर गंभीरपणे केला. एका खासगी दवाखान्यात मला वरच्या पुढच्या आठ दातांवर कॅप बसवण्याचा सल्ला मिळाला. त्यासाठी चांगले, न किडलेले दात चहूबाजूंनी तासावे लागणार होते आणि तासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. मी विचार करून सांगते म्हणाले आणि नागपुरातल्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुण डॉक्टरांकडे माझी तपासणी आली. त्यांनी आरसा आणि टोकदार सळी घेऊन सगळे दात पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुमचं गाव कोणतं? लहानपणी घरात कुठलं पाणी होतं?" माझे दात पाहून पाण्याविषयी विचारणारी ती पहिली व्यक्ती होती.

त्यांना हा प्रश्न कशामुळे सुचला हे मी विचारले आणि त्यांनी हातात आरसा देऊन दाखवले. तंबाखूचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. ते हिरड्यांच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि दातांच्या आतल्या बाजूला जास्त असतात आणि खरवडून निघतात. माझ्या दातांच्या आतल्या बाजू स्वच्छ होत्या. डावीकडच्या दातावर पट्टा ज्या उंचीवर होता, त्याच उंचीवर तो उजवीकडच्या जोडीदार दातावर होता, कारण ते दोन्ही दात जबड्यात एकाच काळात घडले होते. वरच्या पुढच्या दातांचे कवच, म्हणजे इनॅमल, जन्मानंतर काही महिन्यांनी बनू लागते आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण होते. त्यातले दुसरे-तिसरे वर्ष सर्वांत नाजूक असते. त्या काळात शरीरात फ्लोराइड जास्त गेले तर इनॅमल पक्के होण्याची प्रक्रिया अपुरी राहते आणि वरच्या पातळ थराखाली सूक्ष्म छिद्रे उरतात. दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा तो भाग खडूसारखा पांढरा असतो. तपकिरी रंग नंतर चढतो, कारण ती छिद्रे खाण्यापिण्यातले रंग हळूहळू शोषून घेतात. म्हणजे पांढरा डाग पाण्याने दिला आणि त्यावर रंग पुढच्या वर्षांनी चढवला. चहाला बोल लावणारी माझी आजी अगदीच चुकत नव्हती. किडलेला दात मात्र एकही नव्हता.

डॉक्टरांनी केसपेपरवर 'डीन, मॉडरेट' असे लिहिले. ट्रेंडली डीन हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले दंतवैद्य. त्यांनी १९३४ मध्ये या डागांची प्रतवारी तयार केली आणि १९४२ मध्ये ती सुधारली. आजही सर्वेक्षणांत तीच वापरतात. यातल्या 'मॉडरेट' पायरीच्या व्याख्येत तपकिरी डाग बऱ्याचदा विद्रूपता आणतात असे नमूद केलेले आहे, हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले. इनॅमलची अवस्था नोंदवणाऱ्या मोजपट्टीतसुद्धा पाहणाऱ्याचे मत शिरले होते. १९७८ मध्ये थिलस्ट्रप आणि फेजेरस्कोव्ह यांनी दुसरी प्रतवारी मांडली. तिच्यात दात आधी कोरडे करतात आणि इनॅमलच्या आत काय बदल झाला आहे त्याच्याशी दिसणाऱ्या खुणांचा मेळ घालतात. मला ती अधिक न्याय्य वाटली.

या डागांचा शोध लागण्याची हकीकतही त्या डॉक्टरांनीच सांगितली आणि मी ती नंतर सविस्तर वाचली. फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेले, तेव्हा तिथे वाढलेल्या कित्येकांच्या दातांवर त्यांना तपकिरी डाग दिसले. गावकरी त्याचा दोष डुकराच्या मांसाला, खराब दुधाला, अशा कशाकशाला देत होते. पाण्यातले फ्लोराइड हे त्याचे कारण असल्याचे १९३१ मध्ये स्पष्ट झाले, आणि ते रासायनिक पृथक्करण ॲल्युमिनियम बनवणाऱ्या कंपनीतले रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी केले. एका बुद्धिमान माणसाने चिकाटीने पाठपुरावा करूनही मधे तीस वर्षे गेली. मशेरीचा प्रश्न विचारणाऱ्या माझ्या खोलीतल्या मुलीला ते एका नजरेत कळायला हवे होते, अशी अपेक्षा मी त्या दिवसापासून सोडून दिली.

उपचारांची सुरुवात छायाचित्रांनी झाली. प्लॅस्टिकच्या दोन आकड्यांनी ओठ ताणून धरतात, जिभेपुढे काळी पट्टी ठेवतात आणि अगदी जवळून, प्रखर प्रकाशात दात टिपतात. पडद्यावर मोठे करून दाखवलेले ते दात माझेच आहेत हे मानायला मन तयार होईना. डॉक्टरांनी मग हवेच्या नळीने दात कोरडे करून दुसरे छायाचित्र घेतले आणि त्यात पांढरे डाग जवळजवळ दुपटीने पसरलेले दिसले. याचे कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. निरोगी इनॅमलचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, १.६२ आहे, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. छिद्रांत लाळ भरलेली असते तेव्हा प्रकाश कमी विखुरतो. ती वाळून हवा भरली की फरक वाढतो, प्रकाश जास्त विखुरतो आणि तो भाग अपारदर्शक पांढरा दिसतो. घासलेल्या धूसर काचेवर पाणी ओतले की ती पारदर्शक होते आणि वाळली की पुन्हा धूसर होते, तसेच हे आहे. नमस्कार करून दोन शब्द बोलताना माझे दात बरे दिसत आणि पंख्याखाली अर्धा तास बोलले की डाग ठळक होत, हे मला आरशात अनेकदा जाणवले होते. तो माझा भास नव्हता, हे ऐकून मला खरोखर हलके वाटले.

त्याच बैठकीत विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी येऊन माझे दात पाहिले आणि विद्यार्थ्यांना सांगितले की वरच्या दोन मुख्य दातांमधली रेषा चेहऱ्याच्या मध्यापासून थोडी डावीकडे सरकलेली आहे आणि शेजारचा एक दात किंचित वळलेला आहे. मी इतकी वर्षे आरशात पाहत आले होते आणि मला हे ठाऊक नव्हते. मला पाहणाऱ्यांपैकीही कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. त्यावर त्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कोकिच, कियाक आणि शपिरो यांच्या अभ्यासाचा दाखला दिला. हसऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांत मुद्दाम थोडे थोडे बदल करून ती दंतसुधार तज्ज्ञ, सामान्य दंतवैद्य आणि इतर लोक अशा तीन गटांना दाखवली गेली होती. मधली रेषा ४ मिलिमीटर सरकवल्यावर तज्ज्ञांना ती खटकली. सामान्य दंतवैद्यांना आणि इतर लोकांना मात्र तेवढ्यानेही काही जाणवले नाही. हसताना हिरडी जास्त दिसण्याच्या बाबतीतही तज्ज्ञांची नजर इतरांहून कितीतरी आधी अडली. ठेवणीतला दोष पाहायला सराव लागतो. रंगातला फरक ओळखायला तो लागत नाही, पण त्याचे कारण ओळखायला लागतो. आणि लोक नेमके कारणावरच मत देऊन मोकळे होतात, असे मला तेव्हापासून वाटते.

उपचारांचा क्रम कमीत कमी इजा करणाऱ्या पायरीपासून ठेवला होता. आधी दात साफ केले आणि त्याने पट्ट्यावर काही फरक पडला नाही. मग दातांभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, म्हणजे हिरड्यांना आणि घशाला रसायन लागू नये. त्यानंतर ६.६ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण असलेली पेस्ट मंद फिरणाऱ्या रबरी कपाने दातांवर चोळली. दर वेळी थोडे चोळायचे, धुवायचे, पाहायचे, पुन्हा चोळायचे. यात इनॅमलचा अगदी पातळ थर जातो, म्हणून डॉक्टर सारख्या थांबून दाताची कड बाजूने न्याहाळत होत्या. दुखले नाही, आवाज आणि आंबूस वास मात्र बराच वेळ मनात राहिला. तपकिरी रंगाचा गडदपणा यानेच बराचसा उतरला.

दुसरी पायरी घरी करायची होती. माझ्या दातांच्या मापाचा पारदर्शक मऊ साचा करून दिला आणि त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून तो रात्री दातांवर चढवायला सांगितला. या जेलमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते आणि ते छिद्रांतल्या रंगद्रव्यांचे विघटन करते. डॉक्टरांनी आधीच बजावले होते, "सुरुवातीला डाग जास्त दिसतील, घाबरू नका." तसेच झाले. दात कोरडे पडून पांढरे डाग इतके उठून दिसू लागले की कार्यालयात एकाने काळजीने "काय झालं दातांना?" असे विचारले. थंड पाण्याने दातांत कळा येत आणि त्यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दिली होती. हा काळ सर्वांत अवघड गेला. उपचार सोडून द्यावेत असे जर कोणाला वाटणार असेल तर ते याच टप्प्यावर वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिते: हळूहळू भोवतालचा दात उजळतो आणि पांढऱ्या डागांशी असलेला त्याचा फरक कमी होतो.

किती उजळायचे हा प्रश्न मात्र माझ्यावर सोपवला होता. दंतवैद्यांकडे रंगांच्या सोळा छटांचे नमुने असलेली पट्टी असते. तिच्यातले एकेक नमुना-दात ओठांशी धरून पाहतात. जाहिरातींतल्या पांढऱ्या रंगाच्या सर्वांत जवळचा नमुना माझ्या सावळ्या ओठांशी धरला, तेव्हा चेहऱ्यात दुसरे काही दिसेनासे झाले. नैसर्गिक दात एका रंगाचे नसतात. सुळे पुढच्या दातांपेक्षा पिवळसर असतात, हिरडीजवळ रंग गडद आणि टोकाला किंचित पारदर्शक असतो. खोट्या दातांची शंका पाहणाऱ्याला येते ती बहुतेकदा हा चढउतार नाहीसा झाल्यामुळे. मी मधली छटा निवडली आणि तिथे पोचल्यावर साचा लावणे थांबवले.

पेरॉक्साइडचा अंश दातात असताना रेझिन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा प्लॅस्टिकसारखा द्रव, नीट चिकटत नाही, म्हणून शेवटच्या पायरीपूर्वी काही आठवडे थांबावे लागले. या पायरीत छिद्रांमध्ये पातळ रेझिन मुरवतात. पुन्हा रबराचा पडदा, मग १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे जेल दोन मिनिटे, धुणे, कोरडे करणे आणि त्यानंतर इथेनॉल. इथेनॉल लावताच दातावरचे पांढरे डाग विरघळल्यासारखे दिसेनासे झाले. डॉक्टरांनी आरसा दिला आणि म्हणाल्या, "रेझिन मुरल्यावर साधारण असं दिसेल, ताई. आता सांगा, पुढे जाऊ की अजून एकदा आम्ल लावू?" इथेनॉल उडून गेले आणि डाग परत आले. काही क्षण मला माझे ते दात दिसले होते, जे दुसऱ्या पाण्यावर वाढले असते तर असते. त्यांनी आणखी एकदा जेल लावले, मग रेझिन मुरवून निळ्या प्रकाशाने घट्ट केले. रेझिनचा अपवर्तनांक सुमारे १.५२ असतो, म्हणजे इनॅमलच्या जवळ, त्यामुळे प्रकाश आता सरळ आत जातो आणि दात सुकला तरी डाग उमटत नाहीत. एका सुळ्यावर खोल खळगे होते. ते दाताच्या रंगाच्या कंपोझिटने भरले. खालचे दात आणि मागचे दात आम्ही तसेच ठेवले.

त्यानंतर लोकांचे काय झाले, हेही सांगायला हवे. दातांचे नाव फार थोड्यांनी घेतले. कोणी बारीक झालीस का विचारले, कोणी केस कापलेस का म्हणाले, आणि ज्यांनी मला शिष्ट ठरवले होते त्यांच्यापैकी एकाने "अलीकडे तुम्ही मोकळ्या झालात" असे समाधानाने सांगितले. चेहऱ्यात बदल झाल्याचे सर्वांना जाणवत होते, कुठे झाला ते सांगता येत नव्हते. आधी डाग मात्र प्रत्येकाला अचूक सापडत असे. दात निर्दोष झाले की ते नजरेआड होतात आणि माणूस दिसू लागतो, हा फायदा मला मान्य आहे. त्यासाठी माणसाला एवढी खटपट करावी लागावी याचे वाईटही तितकेच वाटते. माझ्या आईने बराच वेळ पाहिले आणि "दुखलं का गं?" एवढेच विचारले. भावाला मी सोबत येण्याविषयी सुचवले, तेव्हा तो म्हणाला की त्याचे काही अडत नाही. त्याचे खरेच अडत नाही. त्याच्या मुलीचे मात्र अडू शकेल, म्हणून ती रांगत होती तेव्हापासून घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला बोअरचे पाणी वापरणे त्यांनी बंद केले. तिचे पुढचे पक्के दात आले आहेत आणि त्यांवर उजेडात धरून पाहिल्यावरच दिसणाऱ्या अंधूक पांढऱ्या रेषा आहेत. नुसते उकळून पाण्यातले फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. ही साधी गोष्ट आमच्याकडे अजून घरोघरी सांगावी लागते.

शेवटच्या तपासणीला पुन्हा छायाचित्रे घेतली. मोठ्या पडद्यावर डाव्या मुख्य दातावर एक फिकट पट्टी अजून दिसत होती आणि डॉक्टरांची आणखी एक बैठक करण्याची तयारी होती. मी नको म्हणाले. बोलताना माणसे जेवढ्या अंतरावर उभी असतात, तेवढ्या अंतरावरून ती पट्टी दिसत नाही, आणि कॅमेऱ्याच्या नजरेसाठी आणखी इनॅमल घालवायला माझी तयारी नव्हती. प्राध्यापकांनाही ते पटले. उपचारांपूर्वीची छायाचित्रे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरता येतील का, असे त्यांनी विचारले. मी परवानगीच्या कागदावर सही केली आणि छायाचित्राखाली वय आणि प्रतवारी यांच्याबरोबर बालपणीच्या पाण्याचा स्रोतही लिहावा अशी विनंती केली. डॉक्टरांनी माझ्यासमोरच संगणकावर ती ओळ भरली: पिण्याचे पाणी, विंधनविहीर, जन्मापासून.